नॉक्शस कुठे शोभतो, कुठे खटकतो

स्पर्धा परीक्षांच्या शब्दयाद्यांमध्ये ‘नॉक्शस’ या इंग्रजी शब्दापुढे बहुधा तीन अर्थ दिलेले असतात: हानिकारक, घातक, विषारी. तिन्हींत चूक काही नाही. पण त्यांच्या भरवशावर कुणी ‘जंक फूड इज नॉक्शस फॉर चिल्ड्रन’ असं लिहिलं, की इंग्रजीचा सराव असलेला वाचक अडखळतो. ‘फॉर’ काढून ‘टू’ घाला, व्याकरण सुधारेल; वाक्य तरीही बरं वाटत नाही. रोज वडापाव खाणं तब्येतीला वाईट असेल, पण वडापाव नॉक्शस नाही.

हा शब्द लागतो तो ज्याच्या अंगातच अपाय आहे अशा वस्तूला, आणि त्यातही जी पसरते, झिरपते, श्वासातून किंवा पाण्यातून आपल्यापर्यंत येऊन पोचते तिला. धूर, वाफा, वायू, कारखान्याचं सांडपाणी, माजलेलं तण. किती खाल्लं, किती वेळ वापरलं यावर ज्याचं बरंवाईट ठरतं, त्याला तो लागत नाही. म्हणून मोबाइल, साखर, रात्रीची जागरणं हे सगळं ‘हार्मफुल’ किंवा ‘बॅड फॉर हेल्थ’च्या खात्यात जातं. एवढी एक चाळणी लावली तरी बऱ्याच चुका टळतात. उरलेल्या टाळायच्या तर हा शब्द जिथे रोज कामाला जुंपलेला असतो ती ठिकाणं बघावी लागतात: खाण, कोर्ट, बंदर, दवाखाना.

आधी उच्चार उरकून घेऊ. जोर ‘नॉक्’वर, पुढचा ‘शस’ जवळपास गिळलेला. ज्याला ‘अँक्शस’ म्हणता येतं त्याला हाही येतो, शेपूट तेच आहे. ‘नॉक्सिअस’ असं सर्रास ऐकू येतं, तो स्पेलिंगकडे बघून बांधलेला अंदाज आहे. स्पेलिंग एन-ओ-एक्स-आय-ओ-यू-एस, लिहिताना त्यातला ‘आय’ गळतो, कारण बोलताना तो वेगळा ऐकूच येत नाही.

मूळ लॅटिन ‘नॉक्सा’, म्हणजे इजा, नुकसान. त्यामागे ‘नोकेरे’ हे क्रियापद, इजा करणे. हे क्रियापद आणि संस्कृतातलं ‘नाशयति’ भाषाशास्त्रात एकाच मूळ धातूवरून आलेले मानतात. म्हणजे आपला ‘नाश’ आणि दूध ‘नासणं’ हे नॉक्शसच्या भाऊबंदांतले. याच घरातला ‘इनोसंट’, म्हणजे मुळात जो कुणाला इजा करत नाही तो. ‘इनॉक्युअस’ म्हणजे निरुपद्रवी. आणि फ्रेंचमधून वळसा घेऊन आलेला ‘न्यूसन्स’. हा शेवटचा ध्यानात ठेवा, कायद्याच्या भागात उपयोगी पडेल.

दिसायला सारखे पण नात्यातले नसलेले शब्दही आहेत. प्रदूषणाच्या बातम्यांत येणारा ‘नॉक्स’ हे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं रासायनिक लघुरूप आहे: एन म्हणजे नायट्रोजन, ओ म्हणजे ऑक्सिजन, आणि अणूंची संख्या बदलती असल्यामुळे एक्स. हे वायू नॉक्शस आहेत खरे, पण नावातलं साम्य निव्वळ योगायोग. ‘इक्विनॉक्स’मधला नॉक्स तर लॅटिन रात्र, दिवस आणि रात्र सारखे, म्हणून विषुवदिन. आणि ‘इनॉक्युअस’ लिहिताना दोन एन, एक सी. त्याच्या शेजारचा ‘इनॉक्युलेट’ मात्र एकाच एनचा, कारण त्याचा इजेशी संबंधच नाही. तो ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळ्यावरून आला आहे, आणि डोळा म्हणजे कलम बांधताना खोडात बसवायचा तो. आपल्या रोपवाटिकांतलं ‘डोळा भरणं’ आणि लसीकरणाचा हा शब्द एकाच कल्पनेवर उभे आहेत. असो, हे विषयांतर झालं.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘ऑब्नॉक्शस’शी. हा नॉक्शसचाच नातलग, पण त्याचा अर्थ घसरत घसरत भलतीकडे गेला. सुरुवातीला तो ‘शिक्षेला किंवा अपायाला पात्र’ अशा अर्थाचा होता. पुढे ‘किळसवाणा, असह्य’ या अर्थावर स्थिरावला. आज ऑब्नॉक्शस म्हणजे मनाला, नाकाला, कानाला सहन न होणारं. नॉक्शस म्हणजे शरीराला इजा करणारं. दोन्ही गोष्टी एकत्र असतीलच असं नाही.

शेजारच्या घरात सुके बोंबील भाजले जात असतील तर तो वास कुणाला ऑब्नॉक्शस वाटेल. त्यात नॉक्शस काही नाही. कुणाच्या तोंडाला पाणीही सुटत असेल. आता उलट टोक बघा. बाथरूममध्ये बसवलेला गॅस गीझर, खिडकी बंद, धूर बाहेर नेणारी नळी नाही. बर्नरला हवा पुरते तोवर एलपीजी नीट जळतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ होते. बंद जागेतला ऑक्सिजन कमी व्हायला लागला की ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं आणि दाराची कडी काढण्याआधीच माणूस कोसळतो. हा वायू अस्सल नॉक्शस, आणि ऑब्नॉक्शस अजिबात नाही. (गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवणं हाच त्यावरचा खरा उपाय. आत एक्झॉस्ट पंखा लावला की झालं, ही समजूत बरोबर नाही.)

गटारातला हायड्रोजन सल्फाइड आणखी शिकवण्यासारखा. अगदी कमी प्रमाणात तो सडक्या अंड्यासारखा घाण येतो, म्हणजे ऑब्नॉक्शस असतो. प्रमाण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की वास घेणारी नस बधिर होते आणि वास ‘गेला’ असं वाटतं. नेमका तोच आकडा, शंभर पीपीएम, अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने जीवाला तात्काळ धोका असलेली पातळी म्हणून धरला आहे. म्हणजे ऑब्नॉक्शस संपतो तिथे नॉक्शस पुरता चढलेला असतो. चेंबरचं झाकण काढल्यावर ‘आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही’ असं म्हणणारा मुकादम हीच गल्लत करत असतो. मीटर आत सोडल्याशिवाय उतरायचं नसतं ते यासाठी. आणि नियमाने तिथे माणूस उतरवायचाच नसतो, हे वेगळं.

खाणीच्या नियमांत या शब्दाची आणखी एक सीमा दिसते. भारतातल्या कोळसा खाणींसाठीच्या १९५७ च्या विनियमांत (२०१७ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली) ‘इन्फ्लेमेबल ऑर नॉक्शस गॅस’ असा जोड वापरला होता. पेट घेणारा वायू वेगळा, नॉक्शस वेगळा. मिथेन पहिल्या गटात: त्याचा स्फोट होतो, पण तो स्वतः रक्ताला किंवा फुप्फुसाला काही करत नाही. कार्बन मोनॉक्साइड दुसऱ्या गटात. काम चालू असलेल्या जागी हवेत ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्यांवर जाता कामा नये, आणि नॉक्शस वायू आरोग्यावर परिणाम होईल इतका असता कामा नये, अशी रचना आहे. पेट घेणाऱ्या वायूची मर्यादा स्वतंत्र: खाणीत फिरून बाहेर पडणाऱ्या, परतीच्या हवेत ०.७५ टक्के आणि खाणीत कुठेही १.२५ टक्के. चंद्रपूर-वणी भागात व्हेंटिलेशनचं काम करणाऱ्यांना हे आकडे पाठ असतात. वाक्य लिहिताना यातून घ्यायचं ते इतकंच, की ‘नॉक्शस अँड एक्स्प्लोझिव्ह’ लिहिलंत तर दोन वेगळे धोके सांगितलेत. स्फोटक म्हणून नॉक्शस होत नाही.

मराठी बातम्यांत मात्र सगळ्याच वायूंना ‘विषारी’ म्हणून मोकळं होतात. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेले दोघे-तिघे एकामागून एक गेले की मथळा ठरलेला: ‘विषारी वायूने मृत्यू’. पुष्कळदा तिथे विष नसतं; तळाशी कार्बन डायऑक्साइड साचून ऑक्सिजन उरलेला नसतो. इंग्रजी ‘नॉक्शस’ मुद्दाम जरा सैल आहे, त्यात दोन्ही मावतात. त्याच्या जागी मराठीत ‘विषारी’ घातलं की आपण मूळ वाक्यापेक्षा जास्त काहीतरी सांगून बसतो.

आता कायदा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हा शब्द ठळकपणे दोन ठिकाणी बसला होता. कलम २७२ आणि २७३ अन्नाबद्दल: खाद्य किंवा पेय ‘नॉक्शस’ होईल अशी भेसळ करणं, आणि नॉक्शस झालेलं विकणं. वर मी वडापाव नॉक्शस नाही म्हटलं आणि इथे कायदाच अन्नाला तो शब्द लावतो, यात विसंगती नाही. कायद्याला अभिप्रेत आहे ते भेसळीने किंवा नासण्याने अपायकारक बनलेलं अन्न. कॅलरी जास्त असलेलं नव्हे. कलम २७८ हवेबद्दल: आसपास राहणाऱ्या किंवा रस्त्याने जाणाऱ्या लोकांच्या आरोग्याला नॉक्शस होईल असं वातावरण दूषित करणं. त्याचा दंड होता पाचशे रुपयांपर्यंत, आणि तो १८६० पासून थेट २०२४ पर्यंत तसाच राहिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमं २७४, २७५ आणि २८० झाली. हवेचा दंड हजारापर्यंत गेला. भेसळ आणि विक्री या दोन्हींसाठी कमाल सहा महिने कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शब्द मात्र तोच ठेवला आहे. हिंदी पाठात त्यासाठी ‘अपायकर’ होता. मराठीत ‘अपायकारक’ बरोबर बसतो आणि मला तो ‘हानिकारक’पेक्षा सरस वाटतो, कारण हानी पैशाचीही होते, अपाय देहालाच होतो.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आल्यापासून पोलिसांनी पकडलेल्या मालाच्या बातमीत कलम २७२, २७३ आणि ३२८ असा त्रिकूट सतत दिसायचा. त्यातले पहिले दोन म्हणजे हेच नॉक्शसवाले, तिसरं विष वगैरे देऊन इजा करण्याचं. पण अन्नाचा नवा कायदा, २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा, हा शब्द टाळतो. तिथे ‘अनसेफ फूड’ अशी संज्ञा आहे आणि तिची व्याख्या करताना ‘इन्ज्युरिअस टू हेल्थ’ म्हटलं आहे. दोन्ही कायदे एकाच मालाला लागू पडत असतील तर काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५९, म्हणजे असुरक्षित अन्नाच्या शिक्षेचं, वरचढ धरलं. त्यामुळे अन्नाच्या खटल्यांत नॉक्शस हळूहळू मागे पडणार असं दिसतं.

पाण्यात तो टिकून आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ सांगतं की ‘पॉयझनस, नॉक्शस ऑर पोल्यूटिंग’ पदार्थ ओढ्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर जाणूनबुजून जाऊ द्यायचा नाही. तीन विशेषणं, उतरत्या पायऱ्यांनी. पॉयझनस म्हणजे थेट विष, जसं सायनाइड. नॉक्शस म्हणजे अपाय होईल असं काहीही, मग ते विष म्हणून ओळखलं जात असो वा नसो. पोल्यूटिंग म्हणजे पाणी बिघडवणारं, लगेच कुणाला बाधलं नाही तरी. अशा वाक्याचं भाषांतर करताना तिघांना तीन वेगळे शब्द हवेत: विषारी, अपायकारक, प्रदूषणकारी. दोघांना ‘घातक’मध्ये कोंबलं तर वकील त्यातलं एक विशेषण फुकट घालवतो.

कायद्यात अशी विशेषणं जोडून लावायची सवय इंग्लंडातून आली. तिथल्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात रक्त उकळणारे, हाडं उकळणारे, साबण शिजवणारे, चरबी वितळवणारे, आतडी उकळणारे अशी यादी देऊन शेवटी ‘किंवा दुसरा कुठलाही नॉक्शस ऑर ऑफेन्सिव्ह धंदा’ असं शेपूट जोडलं होतं. त्याआधी १८६३ चा अल्कली कायदा: मिठावर गंधकाम्ल ओतून धुण्याचा सोडा बनवणाऱ्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटायचा, आजूबाजूची झाडं करपायची, त्यातला ९५ टक्के वायू पाण्यात जिरवायची सक्ती या कायद्याने केली. १९०६ च्या सुधारित कायद्यात तर ‘नॉक्शस ऑर ऑफेन्सिव्ह गॅस’ म्हणजे नेमके कुठले वायू याची यादीच दिली. नॉक्शस आणि ऑफेन्सिव्ह ही जोडी लक्षात घेण्यासारखी आहे. इजा आणि किळस, दोन्हींना पकडायचं म्हणून दोन शब्द. आपल्याकडच्या महापालिकांच्या ‘न्यूसन्स’ नोटिसा याच परंपरेतल्या, आणि न्यूसन्स हा शब्दही त्याच धातूचा.

बंदरावर हा शब्द थेट संज्ञा होतो. जहाजांच्या प्रदूषणावरचा आंतरराष्ट्रीय करार, मारपोल, त्याचं दुसरं परिशिष्ट ‘नॉक्शस लिक्विड सबस्टन्सेस’बद्दल आहे, केमिकल टँकरवर काम करणारे त्याला नुसतं एनएलएस म्हणतात. १ जानेवारी २००७ पासून लागू असलेल्या सुधारित पाठात चार गट आहेत. एक्स: समुद्रात अजिबात सोडायचं नाही. माल उतरवलेली टाकी बंदरातच धुवायची, धुतलेल्या पाण्यात पदार्थाचं प्रमाण वजनाने ०.१ टक्के किंवा कमी येईपर्यंत, आणि ते पाणी बंदराच्या हवाली करायचं. वाय: प्रमाणावर निर्बंध. झेड: सौम्य निर्बंध. चौथा ओएस, म्हणजे इतर, ज्यांत अपाय नाही: सफरचंदाचा रस, मळी, ग्लुकोजचं द्रावण. जे सोडायची मुभा आहे तेही किनाऱ्यापासून किमान १२ सागरी मैल दूर, किमान २५ मीटर खोल पाण्यात, जहाज स्वतःच्या यंत्राने किमान ७ नॉट (ताशी ७ सागरी मैल) वेगाने जात असताना, आणि पाण्याच्या पातळीखालून. २००७ नंतर बांधलेल्या जहाजाच्या टाकीत आणि तिच्या नळ्यांत मिळून ७५ लिटरपेक्षा जास्त शिल्लक राहता कामा नये.

गंमत अशी की पामतेल वाय गटात येतं. स्वयंपाकघरातलं तेल, आणि कागदोपत्री नॉक्शस! खाण्याला ते अपायकारक आहे असा त्याचा अर्थ नाही. समुद्रात सांडलं तर पक्ष्यांच्या पिसांना आणि किनाऱ्याला अपाय करतं असा आहे. म्हणून या विशेषणाबरोबर नेहमी विचारायचं: कुणाला? माणसाला, पिकाला, की समुद्राला? सर्वसाधारण इंग्रजीत हे ‘नॉक्शस टू’ने सांगतात. संज्ञा झाली की ‘टू’ गळून पडतो आणि गैरसमजाला जागा होते. त्याच कराराचं तिसरं परिशिष्ट, पिंपांतून आणि खोक्यांतून जाणाऱ्या मालाचं, ‘हार्मफुल सबस्टन्सेस’ म्हणतं. पिंपातलं हार्मफुल, टाकीत सुट्टं ओतलेलं नॉक्शस. भाषेच्या दृष्टीने फरक काही फार खोल नाही, पण कागदपत्रांत अदलाबदल चालत नाही.

तणांच्या बाबतीतही हेच. ‘नॉक्शस वीड’ म्हणजे सरकारने कायद्याने तसं जाहीर केलेलं तण. शेतकऱ्याला नको असलेलं प्रत्येक गवत नव्हे. आपल्याकडे सर्वांत बदनाम गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि नंतर ते देशभर पसरलं. कर्नाटकाने १९७५ मध्ये ते नॉक्शस वीड म्हणून जाहीर केलं. त्यातल्या पार्थेनिन या रसायनामुळे कातडीला खाज, पुरळ, इसब होतं, म्हणून ते हातमोजे घालून आणि फुलावर येण्याआधी उपटायचं. फुलल्यावर उपटलं तर परागांचा त्रास आणि एकेका झाडाचं हजारो बी जमिनीत. हे तण नावाप्रमाणे वागतं. पण अमेरिकेच्या संघीय यादीत ‘आयपोमिया अ‍ॅक्वाटिका’ही नॉक्शस वीड आहे, म्हणजे आपली नाळीची भाजी, बंगाल्यांचं कलमी साग. ती खुशाल खावी. पण तिथल्या तळ्याकालव्यांत ती माजून पाणी अडवते, म्हणून परवान्याशिवाय तिचं बी किंवा रोप तिकडे नेता येत नाही. गावाकडून बियांच्या पुड्या नेणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवलेलं बरं. मराठीत ‘विषारी तण’ म्हटलं तर नाळीवर अन्याय होतो. ‘उपद्रवी तण’ नेमकं.

शेजारची विशेषणं आता पटकन. साप, विंचू ‘व्हेनमस’: ते दंश करून विष टोचतात. धोतरा ‘पॉयझनस’: तो खाल्ला तर बाधतो. ‘टॉक्सिक’ मोजता येतं, आणि नॉक्शसशी त्याचा मुख्य फरक हाच. कीटकनाशकाच्या डब्यावर ४५ अंशांत फिरवलेला चौकोन असतो, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत. तोंडावाटे दिल्यावर निम्मे उंदीर मरतात ती मात्रा दर किलो वजनाला १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. या चार पायऱ्यांची इंग्रजी नावं ‘एक्स्ट्रीमली’, ‘हायली’, ‘मॉडरेटली’, ‘स्लाइटली टॉक्सिक’ अशी आहेत. ‘मॉडरेटली नॉक्शस’ असं कुणी लिहीत नाही, कारण नॉक्शसला मोजपट्टी नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, असंही कुणी समजू नये. तो ‘स्लाइटली’ आहे, ‘नॉन’ नव्हे.

‘इन्ज्युरिअस’ आपल्याला सिगारेटच्या पाकिटामुळे पाठ. १९७५ च्या कायद्याने तो वैधानिक इशारा आणला. कृतीचा परिणाम सांगायचा तर इन्ज्युरिअस: ‘स्मोकिंग इज इन्ज्युरिअस’. पदार्थाचा गुण सांगायचा तर नॉक्शस: ‘नॉक्शस स्मोक’. ‘डिलिटीरिअस’ बहुतेक ‘इफेक्ट’च्या आधी बसतो, किंवा जनुकशास्त्रात म्यूटेशनच्या. ‘पर्निशस’ गुपचूप, हळूहळू पोखरणाऱ्यासाठी: अफवा, प्रथा, विचारसरणी. व्यक्ती किंवा नातं यांच्यासाठी आजचा शब्द टॉक्सिक. एकोणिसाव्या शतकातल्या गद्यात ‘नॉक्शस इन्फ्लुअन्स’ सापडेल, आज तसं लिहिलं तर भाषा जुनाट वाटते. साहेब उर्मट असेल तर तो ऑब्नॉक्शस. नॉक्शस म्हणालात तर त्याच्या अंगातून वाफा निघतात असा अर्थ होईल.

वैद्यकात हा शब्द दोन जागी ठाण मांडून आहे आणि दोन्ही जागा बारकाव्याच्या आहेत. एक, ‘नॉक्शस स्टिम्युलस’: ऊतींना इजा करणारं किंवा इजेची चाहूल देणारं उद्दीपन. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच धातूवरून ‘नोसिसेप्टिव्ह’, म्हणजे इजा टिपणारा, हा शब्द घडवला. नॉक्शस उद्दीपनाला वेदना म्हणायचं नाही. भूल दिलेल्या रुग्णाच्या पोटावर सर्जन सुरी चालवतो तेव्हा उद्दीपन पूर्णपणे नॉक्शस असतं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. वेदना मात्र नसते, कारण ती जाणवायला शुद्ध लागते. उलट लवंगी मिरची चावली की एरवी सुमारे ४३ अंशांवर जागा होणारा उष्णतेचा ग्राहक (रिसेप्टर) मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे जागा होतो, जीभ पेटते, पण भाजत काही नाही. ‘वेदनादायक उद्दीपन’ असं मराठी केलं की हा सगळा फरक बुडतो. ‘इजाकारक उद्दीपन’ ठेवावं.

दुसरी जागा औषधांच्या दुष्परिणामांची. जागतिक आरोग्य संघटनेची १९७२ पासूनची व्याख्या अशी की प्रतिबंध, निदान किंवा उपचारासाठी नेहमीच्या मात्रेत दिलेल्या औषधाला शरीराने दिलेला ‘नॉक्शस अँड अनइन्टेन्डेड’ प्रतिसाद. इथे टॉक्सिक का नाही? कारण टॉक्सिक म्हटलं की मात्रा जास्त झाली असं सुचतं. पॅरासिटामॉलच्या गोळ्या भरमसाट गिळून यकृत निकामी झालं तर ती विषबाधा. रक्तदाबाची रामिप्रिल रोज ठरल्याप्रमाणे घेताना कोरडा खोकला मागे लागला तर तो या व्याख्येतला प्रतिसाद. आणि ‘साइड इफेक्ट’ का नाही? कारण तो चांगलाही असू शकतो: मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी, तिने केस वाढू लागले आणि पुढे तेच तिचं मुख्य काम झालं. नॉक्शस हा शब्द असे परिणाम वगळतो.

या व्याख्येच्या मराठी रूपात चूक बहुधा दुसऱ्या विशेषणावर होते. ‘अनइन्टेन्डेड’चं भाषांतर ‘अनपेक्षित’ केलेलं आढळतं. अनपेक्षित म्हणजे ‘अनएक्स्पेक्टेड’, आणि औषध-सुरक्षेच्या कामात ती स्वतंत्र संज्ञा आहे: औषधाच्या माहितीपत्रकात ज्याचा उल्लेख नाही असा परिणाम. रामिप्रिलचा खोकला माहितीपत्रकात छापलेला असतो, म्हणजे तो अनपेक्षित नाही. पण तो व्हावा म्हणून कुणी गोळी देत नाही, म्हणजे तो अनइन्टेन्डेड आहे. ‘अपायकारक आणि हेतू नसलेला’ असं जरा बोजड का होईना, लिहावं. हा भेद बिघडला तर माहीत असलेले त्रास कळवायचेच नाहीत असा अर्थ निघतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर माहीत असलेले आणि नसलेले, दोन्ही कळवता येतात.